कलकत्त्यात चोरलेली बाटली

टॅक्सीतून हावड्याचा पूल दिसला, तेव्हा मी कोट झटकून नीट बसलो. लहान मुलांच्या अंधत्वावरील परिषदेला सोलापूरहून आलेला एकुलता एक नेत्रतज्ज्ञ मी. पुलानेही दखल घ्यावी अशी माझी अपेक्षा होती.

उतरलो बागबाजारला, बँकेतल्या मित्राकडे. त्याची बायको सुधावहिनी कलकत्त्यातच वाढलेली. मराठी घरचं, माशांची पारख अस्सल बंगाली. परिषदेत पहिले दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वावर भाषणं झाली. आयांच्या अज्ञानावर विशेष भर होता. जेवणाच्या टेबलावर गाजराची बदकं मांडली होती. ती कुणीच खाल्ली नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी चहा घेत मी त्या भाषणांचं सार वहिनींना ऐकवत होतो. कामवाल्या लोक्खीची चार वर्षांची मुलगी मालती भिंत चाचपत आली आणि माझ्या गुडघ्यांवर आदळली. मी पँटवरचा चहा पुसू लागलो.

"भावोजी, तुम्ही डोळ्यांचेच डॉक्टर ना?" वहिनी म्हणाल्या.

मालतीला दिव्याखाली नेलं. डोळ्याचा पांढरा भाग कोरडा, त्यावर साबणाच्या फेसासारखा ठिपका. असंच चाललं असतं तर दृष्टी कायमची गेली असती.

"रातकाना (रातांधळेपणा)," लोक्खीच म्हणाली. तिला महिन्यापासून ठाऊक होतं. दवाखान्यात दोनदा जाऊन आली होती. औषध संपलंय म्हणाले.

औषध परिषदेच्या सभागृहातच होतं, प्रदर्शनाच्या टेबलावर. सकाळी चिटणिसांकडे मागितलं.

"छे छे! शुक्रवारी मंत्रिमहोदय पाहणार आहेत. आरास बिघडेल."

पडद्यावर चित्रं दाखवायला दिवे मालवले, तेव्हा मी एक बाटली खिशात घातली. परिषदेत मी केलेलं एवढंच काम.

मालतीने तोंड वाकडं करत दोन दिवस औषध घेतलं. वहिनींनी तिच्या भातावर लाल भोपळा आणि पालेभाजी वाढायला सुरुवात केली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, ती अंगण ओलांडून सरळ माझ्याकडे आली आणि बशीतली संदेश मिठाई उचलून पळाली. लोक्खी रागावून उठली, आणि तिथेच दारात बसून रडू लागली.

सोलापुरात माझा सत्कार झाला. परिषदेवर अर्धा तास बोललो. बाटलीचा उल्लेख टाळला. महिन्याने वहिनींचं पत्र आलं: "तुम्ही लिहून दिलेल्या मापाने लोक्खीच्या वस्तीतल्या पोरांना औषध दिलं. बाटली संपली. आणखी पाठवा. मागून मिळालं नाही तर काय करायचं, ते तुम्हाला आता येतंच."