मामींची पुढची सीट

माजिवड्याच्या पुलाखाली बसने मला उतरवलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. कराडहून सकाळी सहाला निघाले होते. डोक्यावर मेट्रोचे खांब, पायाखाली उखडलेला रस्ता आणि चारी बाजूंनी हॉर्न. माझी मी डोंबिवलीला येते, असं वसंतमामांना फोनवर तीनदा सांगितलं होतं. पण भाची येणार आणि आपण गाडी घेऊन जायचं नाही, हे त्यांच्या शिस्तीत बसत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही शिस्त तीच आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. डोंबिवलीत मानपाड्याच्या एका रासायनिक कारखान्यात जन्मभर नोकरी केली आणि तिथेच जवळ तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. मुलगी परदेशात असते, घरात दोघंच. मामींचे गुडघे पार गेलेले, तरी त्याही गाडीत पुढच्या सीटवर बसून आल्या होत्या. मला वाटलं, माझ्यावरच्या प्रेमाने आल्या असतील.

गाडी कळव्याहून मुंब्रा बायपासला लागली. एका बाजूला उघडाबोडका डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल खाली खाडी (समुद्राचं जमिनीत शिरलेलं पाणी) आणि लांबवर दिवा स्टेशनाकडच्या इमारती. एकमेकींना इतक्या खेटून उभ्या की मधून वारा कसा जात असेल, देव जाणे. मी हे सगळं खिडकीतून बघत होते आणि पुढे मामींचं बोलणं अखंड चालू होतं. डावीकडे रिक्षा. बाईकवाला येतोय. कंटेनर जाऊ द्या. आता घ्या. नवऱ्याच्या ड्रायव्हिंगवर कोणती बायको बोलत नाही? मीही बोलते. त्यामुळे सुरुवातीला मला गंमत वाटली.

नंतर लक्षात आलं की मामा चिडत नाहीत. चहात साखर अर्धा चमचा जास्त पडली तर कपाळाला आठ्या घालणारा हा माणूस, बायको दर दहा पावलांवर सूचना देत असताना शांतपणे ऐकत होता आणि तसतसं चाक वळवत होता. एका ठिकाणी मामी पाण्याची बाटली उघडायला खाली वाकल्या. तेवढ्या दोन-तीन क्षणांत गाडी डावीकडे सरकली आणि एका बाईकवाल्याने बॉनेटवर थाप मारून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"कुठून उगवतात कोण जाणे," मामा म्हणाले.

मी डॉक्टर आहे, तीस वर्षं कराडला प्रॅक्टिस करते. काचबिंदूत समोरचं स्वच्छ दिसतं आणि कडा हळूहळू विझत जातात, हे मला माहीत आहे. अशा माणसाला गाड्या आणि माणसं एकदम उगवल्यासारखीच वाटतात. शिळफाट्याच्या पुढे कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोच्या कामाला लावलेल्या पत्र्यांमधून एकच चिंचोळी वाट होती. तिथे मामी एखाद्या नावाड्याला वाट दाखवावी तशी बोलत होत्या, आणि घर येईपर्यंत मी सीटची कड घट्ट धरून बसले.

जेवायला मामींनी बिरडं (सोललेल्या कडव्या वालांची उसळ) केलं होतं. त्यांचं माहेर अलिबागकडचं, त्यामुळे हा पदार्थ त्यांच्याच हातचा खावा. मामांच्या ताटाच्या डाव्या बाजूला ताकाची वाटी होती आणि ताक कुठे आहे असं ते विचारत होते. मामींनी वाटी उचलून समोर ठेवली. मी मान खाली घालून भात कालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर फॉर्म पुढे आला. लायसन्स महिन्याभरात संपणार होतं, नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला हवा होता. घरातच डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं, असं मामांनी मला सांगितलं. मग ते खिडकीत उभे राहिले आणि समोरच्या इमारतीखाली लावलेल्या गाड्यांचे नंबर त्यांनी मला धडाधड वाचून दाखवले. एकही चुकला नाही. वर म्हणाले, "गाडी गेली की आम्ही दोघं या तिसऱ्या मजल्यावर कुलूपबंद. हिला दवाखान्यात न्यायला रिक्षावाले थांबत नाहीत. तुला ठाऊक आहे, शैला."

मला ठाऊक होतं. याच मामांनी माझ्या मेडिकलच्या पाच वर्षांत दर महिन्याला हॉस्टेलवर डबा आणून दिला होता, हेही ठाऊक होतं. त्यांना माझ्या नाकाकडे बघायला सांगून कडेला दोन बोटं हलवायची, एवढीच तपासणी. अर्धं मिनिट लागलं असतं. मी ती केली नाही, कारण निकाल मला आदल्या दिवशीच कळला होता. रक्तदाब मोजला, छाती तपासली आणि सही केली. शिक्का नव्हता, तर मामांनी रजिस्ट्रेशन नंबर नीट अक्षरात लिहायला सांगितला. तोही लिहिला.

तिसऱ्या दिवशी कल्याणला नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा होता. वाटेत रामनगरमधून मोठ्या मामांना घ्यायचं होतं. ते वसंतमामांचे थोरले भाऊ, वय चौऱ्याऐंशी. गाडी त्यांच्या दारात थांबली आणि मामी पुढच्या सीटवरून उतरल्या. थोरल्या दिरांनी मागे बसायचं आणि आपण पुढे, हे आमच्या घरात कधी झालेलं नाही. गुडघ्यावर हात ठेवत त्या मागे माझ्या शेजारी, डाव्या खिडकीशी येऊन बसल्या. पदर खांद्यावरून ओढून घेतला. लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी भाऊजींसमोर त्यांचा आवाज वर चढत नाही, आणि त्यांच्यादेखत नवऱ्याला सूचना देणं तर लांबच राहिलं.

मला हे सगळं दिसत होतं. मी मोठ्या मामांना मागे बसा म्हणू शकले असते. मी गाडी चालवते, असंही म्हणू शकले असते. लोकांना वाईट वाटेल म्हणून मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी बोललेले नाही, त्यात ही एक.

ठाकुर्लीहून नव्वद फुटी रस्त्याने निघालो. साडेअकराचं स्वच्छ ऊन होतं. मोठे मामा मुलाकडच्यांची चौकशी करत होते, वसंतमामा हसून उत्तरं देत होते. गाडीत दुसरा कुणाचाच आवाज नव्हता. पुढे फुटपाथ खणलेला होता आणि लोक रस्त्यावर उतरून चालत होते. मामींनी एकदम माझं मनगट पकडलं. त्यांची नखं रुतली, पण तोंडातून शब्द आला नाही. मग डाव्या बाजूला धक्का बसला. फार मोठा आवाजही झाला नाही.

ती बाई मातीच्या ढिगाऱ्यापाशी पडली होती. डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. मी ओढणीने आणि कुणीतरी दिलेल्या दोन लाकडी पट्ट्यांनी तो बांधला. भोवती जमलेले लोक मामांच्या अंगावर धावले, पण पिकलेले केस बघून मागे सरले. मामा गाडीला टेकून एकच वाक्य म्हणत होते, ती तिथे नव्हती.

दवाखान्याच्या बाहेर बाकावर मामी माझ्याजवळ सरकल्या. "मला दिसली होती ती, शैलू," त्या म्हणाल्या. "बरीच आधी. हातात हिरवी पिशवी होती तिच्या. भाऊजी पुढे बसलेले, मी कशी ओरडणार?"

पोलिसांनी जबाब घेतले. लायसन्स चालू होतं, त्यामुळे माझ्या सहीबद्दल कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी मी त्या बाईंना भेटले. सुनीताताई, दिव्याला राहतात, ठाकुर्लीत चार घरी पोळ्या करतात. पायाची दोन्ही हाडं मोडली होती, खुबाही गेला होता. नळाला दिवसाआड पाणी, आता हंडे कोण भरणार, याची त्यांना दुखण्यापेक्षा जास्त काळजी होती.

"मी कडेनेच चाललेली, मॅडम," त्या म्हणाल्या. "बाबांना दिसलं नाय काय?"

"कडेचं दिसत नाही त्यांना."

त्यांनी विचारलं, "मग चालवायला दिली कोणी?"

मी डॉक्टर आहे, एवढंही मी त्यांना सांगितलं नाही.

घरी परतल्यावर मी मामांकडे फॉर्म परत मागितला. फाईल काढून त्यांनी कागद माझ्यापुढे टाकला. "सही तू केलीस, तूच फाड." मी फाडला. सकाळी निघताना ते खोलीतून बाहेर आले नाहीत. मामी कठडा धरत दोन जिने उतरल्या, तिथून पुढे त्यांना जमेना. रिक्षाही मला नाक्यापर्यंत चालत जाऊनच मिळाली. मामा म्हणाले होते त्यात खोटं काहीच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये घाट आला, गेला, मी बाहेर पाहिलं नाही. माझ्या सहीने तो पाय मोडला असं कायदा म्हणणार नाही. पण बायपासवर मला सगळं कळलं होतं आणि मी दोन दिवस गप्प बसले. मामींना पन्नास वर्षांच्या रीतीने गप्प बसवलं होतं. मला तेवढीही सबब नाही.

कराडला पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर तोच फॉर्म घेऊन आले. वय एक्क्याऐंशी, चालणं ताठ. भिंतीवरचा तक्ता त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मी विचारलं, गाडीत तुमच्या शेजारी कोण बसतं?

"ही बसते की," ते कौतुकाने म्हणाले. "तिच्याशिवाय मी गाडी बाहेरच काढत नाही."