मदरबोर्डच्या सासूबाई

माझी वहिनी संगणक दुरुस्त करते. मी तिची सख्खी नणंद असूनही सांगते की तिच्यासारखा हात आमच्या भागात दुसऱ्या कुणाचा नाही. हे वाक्य माझ्या तोंडून निघायला तीस वर्षं लागली. आता निघालंच आहे, तर मला कुणी मध्येच अडवू नका.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर रबरी चटई, हवा तसा वाकणारा दिवा आणि स्क्रूंच्या सात डब्या. त्या डब्यांना माझ्या भावाने, म्हणजे दादानेही हात लावायचा नाही. पूर्वी वहिनी एका विमा कचेरीत दिवसभर आकडे भरायची. तिथे दुरुस्तीला येणारा गृहस्थ तिला खुर्चीवरून उठवायचा आणि म्हणायचा, "बाई, तुम्ही जरा चहा पिऊन या. तुम्हाला नाही कळायचं." वहिनी चहाला जायचीच नाही, त्याच्या पाठीमागे उभी राहायची. दोन वर्षांत तिने त्याचं सगळं काम नुसतं बघून उचललं आणि तिसऱ्या वर्षी नोकरी सोडली. आता तोच गृहस्थ कुठे अडला की तिला फोन करतो. ती फोन उचलते आणि आधी विचारते, "चहा झाला का?"

संगणकात मदरबोर्ड नावाची मोठी पाटी असते आणि त्या पाटीवर एका चिमुकल्या चिपमध्ये फर्मवेअर असतं. बटण दाबलं की घरात सगळ्यात आधी ते जागं होतं, सगळं जागच्या जागी आहे ना ते बघतं, आणि दारात उभ्या असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला आत घ्यायचं की नाही ते ठरवतं. वहिनी त्याला सासूबाई म्हणते. "सासूबाईंना ही सून पसंत नाही हो," असं ती गिऱ्हाइकाला सांगते आणि गिऱ्हाइकाला लगेच कळतं. मला मात्र पहिल्यांदा ऐकून भयंकर राग आला होता, कारण तिची खरी सासू म्हणजे माझी आई.

"तुझ्या आईवरूनच सुचलं," ती म्हणाली होती. वर हसली होती.

तर गोष्ट सरांची. सर म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे राहणारे निवृत्त गणिताचे मास्तर, वय ब्याऐंशी. सहा वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला. पण सर हिशेबी माणूस. ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे रोज बसून त्यांनी आपला आवाज एका प्रोग्रॅममध्ये साठवून ठेवला होता. ते टाइप करायचे आणि संगणक त्यांच्याच आवाजात बोलायचा. थोडं अडखळत, पण त्यांच्याच आवाजात! प्रोग्रॅम बनवणारी कंपनी पुढे बंद पडली. आवाज त्या प्रोग्रॅममध्ये कुलूपबंद, आणि प्रोग्रॅम चालायचा तो फक्त एका जुन्या, मागे पडलेल्या सिस्टिमवर.

एका गुरुवारी सरांच्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. डिस्क शाबूत होती, आवाज आत होता, पण बाहेर काढायला यंत्र नव्हतं.

त्यात सरांची आक्का, म्हणजे थोरली बहीण. वय अठ्ठ्याऐंशी, डोळ्यांनी काही दिसत नाही, राहते दुसऱ्या गावी मुलाकडे. रोज दुपारी चार वाजता सर तिला फोन लावायचे आणि संगणकातून बोलायचे. चार दिवस फोन गेला नाही तेव्हा तिने मुलाला, सुनेला, डॉक्टरला, सगळ्यांना फैलावर घेतलं. सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, परोपरीने समजावलं. मोबाइलमधला तयार आवाजही ऐकवून पाहिला. आक्काने फोन आपटला.

"तो गेलाय," ती म्हणाली, "आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय. मला गाडीत घाला. मी स्वतः हात लावून बघते."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की एवढा प्रवास तिच्या हृदयाला झेपणार नाही. पण आक्काने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तेव्हा तिचा मुलगा हरला. शनिवारी अकराला निघायचं ठरलं. सरांनी पाटीवर खडूने लिहून वहिनीला दाखवलं : "शनिवार अकराच्या आत. नाहीतर ती वाटेतच जाईल." अक्षर इतकं सुबक की मला रडूच आलं.

वहिनीने आधी भंगारातून तसलेच दोन जुने बोर्ड आणले. दोन्ही मेलेले. मग नवा बोर्ड आणला. जुनी सिस्टिम त्यावर चालवायचा हट्ट म्हणजे बनवणाऱ्यांनीच 'चालणार नाही' म्हणून छापून ठेवलेली गोष्ट करून दाखवायची. नव्या सिस्टिमच्या पोटात जुनी बसवून पाहिली, तर प्रोग्रॅमची किल्ली, म्हणजे मागे खोचायचं ते बोटभर यंत्र, ओळखच दाखवेना. त्यामुळे सरळ दारातूनच आत जायला हवं होतं.

वहिनीची कामाची एक पद्धत आहे. एका वेळी एकच बदल करायचा, तो पेन्सिलीने वहीत लिहायचा, मग बटण दाबायचं. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत तिने एकोणतीस बदल लिहिले. एकोणतीस वेळा काळा पडदा आला. मी जेवायला हाक मारायची, ती "हो हो" म्हणायची आणि ताट गार व्हायचं.

शनिवारी सकाळी सातला मी दुकानात गेले तर ही वहीवर डोकं टेकून बसलेली. "सासूबाई जुन्या सुनेला दारातसुद्धा उभं करत नाहीत गं," ती म्हणाली. "दारच नाहीये त्या घराला."

मला रागाने बोलता येतं, धीर देता येत नाही. मी वही ओढून घेतली. "हा पहिला बदल. आणि याच्या आधी काय केलंस?"

"काही नाही."

"खोक्यातून काढलास आणि थेट हा बदल?"

"खोक्यातून काढला, जोडला, फर्मवेअर अपडेट केलं, आणि..." ती थांबली.

"ते कुठे लिहिलंय?"

ते लिहिलेलं नव्हतंच. कारण नवा बोर्ड आला की सगळ्यात आधी त्याचं फर्मवेअर ताजं करायचं, ही तिची वीस वर्षांची सवय. दात घासल्याचं कुणी वहीत लिहितं का? तिने बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर त्या ताज्या फर्मवेअरची टीप उघडली आणि मोठ्याने वाचली. पहिली ओळ : 'स्थैर्य वाढवले.' दुसरी ओळ : 'जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय काढून टाकली.'

"अगं बाई!" वहिनी ओरडली. "दार होतं! मीच बुजवलं! मीच माझ्या हाताने विटा लावल्या!"

आणि एवढं ओरडून ती चक्क हसायला लागली. चार दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पण पुढे गेलेलं फर्मवेअर साध्या मार्गाने मागे येत नाही, सासूबाई नकार देतात. या बोर्डाच्या पाठीला एक बारीक बटण होतं. जुनं फर्मवेअर पेनड्राइव्हवर ठेवायचं, त्याला नेमून दिलेलं नाव द्यायचं, पेनड्राइव्ह ठरलेल्या खाचेत लावायचा आणि ते बटण तीन सेकंद दाबून धरायचं. मग दिवा लुकलुकतो, आणि तो लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज गेली तर बोर्ड कायमचा दगड. वहिनीने बॅटरीचा डबा जोडला. तेवढ्यात सर आणि काकू येऊन दारातच उभे राहिले. काकूंच्या हातात फोन होता, आक्काचा मुलगा गाडीत सामान ठेवत असल्याचं सांगत होता.

वहिनीने बटण दाबलं. दिवा तीनदा लुकलुकला आणि पेटलेलाच राहिला.

"गेला का?" मी विचारलं.

"गेला नाही, जुनं फर्मवेअर घेतलंच नाही." तिने चष्मा कपाळावर ढकलला आणि फाइलच्या नावात नाक खुपसलं. नावात शून्य हवं होतं, तिथे तिने इंग्रजी ओ लिहिला होता. शून्य आणि ओ! सरांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला, अगदी वर्गात मारत असतील तसाच.

दुसऱ्यांदा बटण. दिवा लुकलुकत राहिला. एक मिनिट, दोन, पाच. सहाव्या मिनिटाला तो विझला, पंखा थांबला, पुन्हा फिरला आणि पडद्यावर फर्मवेअरचं पान उघडलं. वहिनीने भराभर खाली जाऊन जुन्या पद्धतीने सुरू होण्याची ओळ शोधली. ओळ परत आली होती! तिच्या खाली एक प्रश्न : कोणती सिस्टिम? पर्याय दोनच. एक त्या बड्या कंपनीच्या नव्या सिस्टिमचा, दुसरा नुसता 'इतर'.

"आपण इतर," वहिनी म्हणाली आणि बटण दाबलं.

जुनी सिस्टिम नव्याने चढवायचं निळं स्वागत पडद्यावर आलं तेव्हा काकूंनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच क्षणी कीबोर्डचा दिवा गेला. माउसही गेला. जुन्या सुनेला नव्या घरातल्या चपट्या यूएसबी खाचाच ओळखता येईनात. पडद्यावर 'पुढे' लिहिलेलं आणि 'पुढे' म्हणायला हात नाही. घड्याळात साडेनऊ.

वहिनी बोर्डाच्या मागे वाकली. "गोल खाच आहे एक. जुनी. गोल पिनेचा कीबोर्ड हवा. मी सगळे भंगारात दिले गं."

मी आत धावले. मी पंचवीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. क्लास बंद केला तेव्हा एक कीबोर्ड ठेवून घेतला होता. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. माळ्यावर चढले, खोकं ओढलं, अर्धा माळा डोक्यावर घेतला. खाली आले तेव्हा दादा म्हणाला, "आग लागलीय का कुठे?" मी म्हटलं, "हो! बाजूला हो!"

गोल पिन बसली आणि हिरवा दिवा लागला.

"माउस नाही," वहिनी म्हणाली.

"मला लागत नाही. सरक," मी म्हटलं. नुसत्या टॅब आणि एंटरवर मी सगळी पानं पार केली. वहिनी माझ्या पाठीमागे उभी राहून सांगत होती आणि माझी बोटं पळत होती. तीस वर्षांत आम्ही दोघींनी मिळून एक लोणचं धड घातलं नव्हतं. पण त्या दिवशी सिस्टिम चढली, मग वहिनीने शोधून ठेवलेले ड्रायव्हर, म्हणजे सुनेला त्या खाचांची ओळख करून देणारे प्रोग्रॅम, चढले, चपट्या खाचा जाग्या झाल्या, किल्ली लागली, आणि सरांचा प्रोग्रॅम उघडला. दहा पन्नास.

सर खुर्चीत बसले. काकूंनी फोन लावून स्पीकरवर टाकला. आक्का गाडीत बसली होती, इंजिन सुरू झाल्याचं ऐकू येत होतं. सरांनी टाइप केलं आणि खोलीत एक घोगरा, थोडा अडखळणारा पुरुषी आवाज उमटला.

"आक्का. मी बोलतोय. गाडीतून उतर."

काकूंनी तोंडावर पदर धरला. वहिनीने माझा हात पकडला, इतका घट्ट की बांगडी रुतली.

मग आक्का म्हणाली, "जुनं रेकॉर्ड लावताय मला. डोळे गेलेत, अक्कल नाही गेली. चल रे, काढ गाडी."

हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दहा दिवस आम्ही आवाजामागे धावलो, आणि आवाज तर मेलेल्या माणसाचाही वाजवता येतो. वहिनीचा चेहरा उतरला. सर मात्र पुढे वाकले.

"विचार काहीही," संगणक म्हणाला.

"विचारते ना. बाबांचा चष्मा कुणी फोडला?"

काकू आमच्या कानाशी कुजबुजल्या, "हे सहा वर्षांचे होते तेव्हाचं आहे. मार आक्कांनी खाल्ला. आजपर्यंत हे 'मांजराने फोडला' एवढंच म्हणतात. बाकी कुणाला ठाऊकच नाही."

सरांनी टाइप केलं, 'मां'. सगळ्यांना पडद्यावर दिसत होतं. त्यांची बोटं थांबली. त्यांनी ती अक्षरं पुसली आणि पुन्हा लिहिलं, या वेळी सावकाश, आणि एंटर दाबलं.

"मी फोडला, आक्का. मार तू खाल्लास. मी दाराआडून बघत होतो."

इंजिन बंद झालं. पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. मग तो म्हातारा, कापरा आवाज असा कडाडला की फोन टेबलावर थरथरला.

"मेल्या!" आक्का ओरडली. "जिवंत आहेस होय रे!"