आडवा बोअर

आमच्या वस्तीतल्या विहिरीच्या काठावर सिमेंटात माझं नाव आहे. सिमेंट ओलं असताना मीच खिळ्यानं कोरलं, दुसऱ्याच्या अक्षरावर माझा भरवसा नव्हता. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं जसं असायचं तसं अक्षर आहे, पण वाचता येतं. उभं आयुष्य मी समुद्रपूर तालुक्यात विहिरी खोदल्या, घण मारला, सुरुंग लावले. नाव कोरलं ते या एकाच विहिरीवर. कारण ही आमच्या माणसांची होती. त्याआधी आमच्या बाया गावच्या विहिरीपाशी घागर खाली ठेवून लांब उभ्या राहत. कोणाला दया आली की तो वरून ओतायचा. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पाणी लागलं त्या दिवशी वस्तीनं मला दुपट्टा बांधला. ‘याले खडकातलं पानी आयकू येते,’ असं लोक म्हणू लागले. मी कधी नाही म्हटलं नाही.

आता इतक्या वर्षांनी त्या विहिरीबद्दल लिहायचं कारण झालं ते कारखान्यांच्या धुराचं.

गेल्या वर्षी गावात जीपगाड्या येऊ लागल्या. वर्धा, नागपूर, चंद्रपूर अशा तीन जिल्ह्यांतल्या कारखान्यांनी मिळून एक काम काढलं होतं. धुराड्यातून कार्बनचा जो वायू निघतो तो हवेत सोडायचा नाही. तो पकडायचा, सोड्याच्या बाटलीत असतो तसा पाण्यात मुरवायचा, आणि ते पाणी जमिनीखाली खोल काळ्या खडकात सोडायचं. एकट्या कारखान्याला हे झेपणारं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून एकच नळी टाकायची ठरली. त्यासाठी पसंत पडला तो खडक आमच्या गावाच्या आणि नाल्यापलीकडच्या गावाच्या पोटात होता. आधी नुसती चाचणी करायची, तीही दोन्ही गावं हो म्हणाली तरच.

पहिली बैठक पलीकडच्या गावातल्या शाळेत झाली. मी उभा राहिलो.

“धूर त्यायचा आन पोट आमचं काऊन?” मी विचारलं. “दुसऱ्याच्या जमिनीखाली हात घालायचा हक्क यायले कोनं देल्ला?”

टाळ्या पडल्या. त्या गावची सरपंच बाई होती. टाळ्या थांबेपर्यंत थांबली अन् म्हणाली, “बुढेबाबा, धूर त्यायचा हाय, पन ऊन सगळ्यायले लागते. ते कुठी नाल्याच्या अलीकडं-पलीकडं पाहून पडते?”

मी नुसता आवाज चढवला. बायांमध्ये माझी धाकटी बहीण बसली होती. ती त्याच गावात दिलेली. भाऊ बोलला म्हणून तिनं पदर सावरून शेजारणीकडं अभिमानानं पाहिलं. तिचं ते पाहणं मला नंतर फार दिवस जड गेलं.

आठवडाभरानं पाहणीची मॅडम माझ्या घरी आली. खडकाचं शिक्षण घेतलेली, नागपूरकडची पोरगी, माझ्या नातीच्या वयाची. परिसरातल्या सगळ्या विहिरी ती कागदावर घेत होती.

“आजोबा, तुमच्या वस्तीच्या विहिरीत आडवा बोअर आहे का?”

विहिरीच्या तळाशी बाजूच्या खडकात मशीननं आडवं, लांब भोक पाडतात, त्याला आडवा बोअर म्हणतात. विहीर कोरडी निघाली की आजूबाजूचं पाणी ओढायला लोक तो मारतात.

“माह्या विहिरीले भोक?” मी हसलो. “आडवे बोअर कच्चे लोक मारतेत, मॅडम. मी खडकाले कान लावून पानी काढलं.”

तिनं ‘नाही’ लिहिलं. अंगठ्याची शाई पुढं केली तेव्हा मी तिच्या हातातला पेन घेतला आणि सही केली.

मग ती मला नाल्याकाठी घेऊन गेली. तिथं मशीननं खोल भोक पाडून दगडाच्या गोल लांब कांड्या वर काढल्या होत्या आणि लाकडी पेट्यांत ओळीनं मांडल्या होत्या. मी न विचारता सांगत गेलो. हा पक्का पाषाण. ही मधली लाल माती. हा मांजऱ्या. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक, अन् त्या भोकांत पांढरी गार भरलेली असते. आयुष्यभर ती गार माझ्या घणाखाली फुटली, पण ती तिथं आली कशी हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. मॅडमनं सांगितलं. लाखो वर्षांपूर्वी ती भोकं रिकामी होती. त्यांतून पाणी फिरलं, पाण्यात विरघळलेलं होतं ते तिथं बसलं आणि त्याचा दगड झाला.

“कारखान्याच्या वायूचंही असंच करायचं आहे, आजोबा. तो या भोकांत जाऊन दगड व्हायला पाहिजे. पण त्याला वेळ लागतो. तोवर तो वर निसटता कामा नये.”

“निसटला तं?”

“म्हणून तर सगळ्या विहिरी, सगळे बोअर लिहून घेतेय. खडकाला कुठून कुठवर वाट आहे ते आम्हाला ठाऊक पाहिजे. एखादं भोक कोणी सांगितलंच नाही, तर आम्हाला कळणार कसं?”

मी हातातली कांडी पेटीत ठेवली. ती नीट बसेना. मॅडमनं बसवली.

आता खरं लिहितो. ती विहीर कोरडी निघाली होती. घण मारून मारून माझ्या हाताची सालं गेली, तरी तळाला ओल नव्हती. वस्तीतल्या बाया रोज काठावर येऊन वाकून पाहायच्या आणि तशाच परत जायच्या. ते मला सोसवेना. मी लांबून एक मशीनवाला आणला. लोकांना सांगितलं, सुरुंगाची भोकं मारायला आणला आहे. दोन दिवसांत आम्ही तळाशी नाल्याच्या दिशेनं लांब आडवा बोअर मारला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या भोकातून पाणी आलं ते माझ्या छातीवर आदळलं. मी तोंडाशी दोन दगड रचले. संध्याकाळपर्यंत भोक पाण्याखाली गेलं आणि पुन्हा कोणाला दिसलं नाही.

नाल्याच्या पलीकडच्या काठाला त्या गावाची विहीर होती. पुढच्या उन्हाळ्यात ती आटली. मग दर उन्हाळ्यात आटू लागली. त्या गावच्या बाया नदीवरून पाणी आणू लागल्या. त्यांत माझी बहीण होती. मशीनवाला मरून गेला. हे ठाऊक असलेला मी एकटा उरलो.

मॅडमसोबत नाल्यावरून आलो, त्यानंतर तीन दिवस मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, “अवो, पोट दुखते का काय? तोंड काऊन असं केलं?”

मी तिला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. म्हणाली, “ननंदेले काय सांगान?”

दुसऱ्या बैठकीत दोन्ही गावं एकत्र बसली. कारखान्यांची माणसं होती, मॅडम होती. मी उभा राहिलो तेव्हा लोकांना वाटलं, बुढा आता पुन्हा धुरावर बोलणार.

“मी कागदावर खोटं लिहून देल्लं,” मी म्हणालो. “माह्या विहिरीत आडवा बोअर हाय. नाल्याकडं गेलेला. मीच मारला.”

आमच्याच वस्तीतला एक जण मागून ओरडला, “बुढ्या, खडकाले कान लावून पानी आयकत होता ना तू?”

लोक हसले. हसणं पलीकडच्या गावाच्या बाजूला पोचलं तिथं थांबलं. त्यांच्या ध्यानात येत होतं. एक म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला, “म्हंजे आमची विहीर...”

माझी बहीण उठली. जवळ आली. मला वाटलं, ओरडेल.

“दादा, तू घरी आला का पहिले गडवाभर पानी मांगत होता,” ती म्हणाली. “ते मी कुठून आनत होती, तुले मालूम होतं.”

“व्हय.”

“आन तू पेत होता.”

“व्हय.”

ती शाळेच्या बाहेर निघून गेली. मला कोणी बस म्हटलं नाही, मी उभाच राहिलो.

चाचणीला दोन्ही गावांनी हो म्हटलं, पण सरपंच बाईनं अट घातली की आधी तो बोअर सिमेंटानं बुजवायचा. मॅडमचंही तेच म्हणणं होतं. आमच्या वस्तीत त्यावरून भांडण झालं. आता घरोघर नळ आहे, तरी विहीर ती विहीर. एक तरणा माणूस काठावरचं माझं नाव छिन्नीनं खोडायला आला. मी त्याचा हात धरला.

“राहू दे. विहीर मी खोदली, भोकबी मीच पाडलं. दोन्हीच्या खाली तेच नाव लागते.”

तळाचं पाणी उपसलं तेव्हा माझे दोन दगड तिथंच होते. बोअर बुजवला. विहिरीचं पाणी उतरत उतरत डबक्याएवढं झालं. रोज सकाळी काठावर जाऊन मी ते पाहत होतो. बाया येऊन वाकून पाहत, आणि तशाच परत जात. चाचणी चालू आहे. वायूचा दगड होतो की नाही, ते मॅडमलाही अजून नक्की सांगता येत नाही. आपल्या हयातीत कळेल असं मला वाटत नाही.

बोअर बुजवल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बहिणीचा निरोप आला, ‘येजो.’ बैठकीनंतर ती माझ्याशी बोलली नव्हती. मी नाला ओलांडून गेलो. ती अंगणातच उभी होती. घरात ये म्हणाली नाही. पाण्याचा गडवा आणला नाही. माझ्या हातात दोर, बादली आणि रिकामा गडवा दिला आणि पुढं चालू लागली.

त्यांच्या विहिरीत पाणी होतं. फार नाही, पण होतं. मी बादली सोडली. पूर्वी अशा दोरानं मी दगडाची टोपली ओढत होतो, आता अर्धी बादली वर येईस्तोवर खांदे भरून आले. ती उभी राहून पाहत होती. मी गडवा भरला आणि तिच्यापुढं धरला.

तिनं घेतला, पण प्यायली नाही. विहिरीच्या काठावर ठेवला.

“आनखी काढ,” ती म्हणाली.

मी दोर पुन्हा खाली सोडला.