पूर्णिमानं गिळल्यालं बोलणं

आमच्या गल्लीतली पूर्णिमा गावची आशाताई हाय, घरोघरी फिरून दवाखान्याचं काम बघणारी. गुलाबी साडी, खांद्याला पिशवी, आन चालणं असं की आपण चप्पल घालूस्तवर ती कोपऱ्यावर गेल्याली. आमचं गाव निपाणीच्या आल्याड, पर कर्नाटकातच. घरटी एक तरी बाई सूप मांडीवर घिऊन विड्या वळणारी. ह्या बायकांचं कानडी म्हंजे बाजारात भाजी मागण्यापुरतं. आन दवाखान्यात नवा डाक्टर आला त्यो बळ्ळारीकडचा, त्येला मराठी एक शबुद येत न्हाय. मग बायकांचं दुखणं त्येच्या कानावर घालायचं काम पूर्णिमाचं. बायका म्हणायच्या, "पूर्णिमाक्का हाय तवर आमाला जीभ हाय." ती बी अंगणवाडीत बैठक घ्यायची, बाईच्या पोटाचं चित्र भितीला लावायची आन मोठ्यांदा इचारायची, "आजाराची लाज कसली गं?"

असल्या बाईच्या हातनं ह्ये झालं.

बाळाबाईनं एक दिस तिला हाक मारली, न्हाणीत नेलं, दार लावलं, वर नळ सोडला. बाळाबाई साठीला आल्याली, पाच बाळंतपणं झाल्याली, दादला कवाच गेला. भितीकडं तोंड करून म्हणाली, "पोरी, माझं अंग बाहेर येतंय. खाली बसलं की येतंय. हातानं आत सारती, फडकं बांधती आन विड्या वळाय बसती. आठ वर्सं झाली. सुनेला ठावं न्हाय, लेकीला ठावं न्हाय."

पूर्णिमानं तिचा हात धरला. म्हणाली, "मावशी, ह्येला औषध हाय. उद्या माझ्यासंगट चला. तुमी नुसतं बसा, मी बोलती."

दुसऱ्या दिशी दोघी एसटीनं गेल्या. दवाखान्यात रांग म्हणायला बाहेर, निम्मी माणसं डाक्टराच्या खोलीतच. पाठीमागं मारुतीराव उभे, पूर्णिमाच्या सासऱ्याचे उठण्या-बसण्यातले. डाक्टर बघाय गेलं तर तिच्या लेकाएवढा, साईराजाएवढा, मिसरूड आत्ता फुटल्यागत. मान वर न करता कानडीत म्हणाला, "काय झालंय, बिगी सांगा."

पूर्णिमा वाटंनं घोकत आलती. शबुद जिभेवर हुतं. तेवढ्यात मारुतीराव खोकलं. आन तिच्या तोंडातनं निघालं, "कंबर दुखती म्हणं. लई दिस झालं."

डाक्टरानं गोळ्या लिवल्या. झालं.

बाहेर आल्यावर बाळाबाई कानाशी लागली. "समदं सांगितलंस न्हवं?"

"व्हय मावशी."

"हसला न्हाय न्हवं त्यो?"

"न्हाय."

"गुणाचं हाय पोरगं," बाळाबाई म्हणाली, आन स्टँडावर तिला जबरदस्तीनं उसाचा रस पाजला. पूर्णिमानं निम्मा गिलास तसाच ठेवला.

तिनं ठरवलं, फुडल्या बारीला सांगायचं. फुडली बारी आली, तवा बी खोलीत माणसं हुती. पुन्ना कंबरच दुखली. तिसऱ्या बारीला तर सांगणं आणखी अवघड. सांगितलं की डाक्टर इचारणार, आधी का बोलली न्हाईस? असं करत पाच म्हयनं गेलं. बाळाबाई गल्लीभर तिची तारीफ करायची, "माझ्या पोटच्या पोरीनं केलं नसतं ते पूर्णिमानं केलं." ते ऐकलं की पूर्णिमा गल्ली सोडून मागच्या बोळानं जायची. बैठक घ्यायची पर चित्र घरातच ऱ्हायचं. पोरगं म्हणालं, "आई, चित्र इसरलीस." तर त्येच्याच अंगावर खेकसली.

एक दिस ती बारक्या पोरांच्या सुयांचं सांगाय अंबुबाईच्या दारात गेली. फुडच्या सोप्यात सात-आठजणी विड्या वळत बसल्याल्या. पूर्णिमा उंबऱ्याच्या भाईर, आन आतनं बाळाबाईचा आवाज आला.

"अंबे, तुझं बी तसंच? मग गप बस बाई. पूर्णिमानं माझ्यासाठी डाक्टराला फोडून सांगितलं. तीनदा सांगितलं. त्येनं ऐकून ह्या गोळ्या दिल्या. काडीचा गुण न्हाय. म्हंजे ह्येला उपायच न्हाय. फडकं घट बांध, आन काय."

"मी उद्या जाणार हुते गं," अंबुबाई म्हणाली.

"कशाला जातीस उघडं व्हायला?"

एकीचं झालंतं ते झालंतं, आता दुसरी घरात बसणार, आन तिचं ऐकून तिसरी. ती आत गेलीच न्हाय. बाळाबाईच्या घरी जाऊन पायरीवर बसली. बाळाबाई आली तशी पूर्णिमा म्हणाली, "मावशी, मी डाक्टराला सांगितलंच न्हाय."

"काय?"

"तुमचं दुखणं. कंबर दुखती म्हणाले. तिन्ही बारीला. मारुतीअण्णा उभं हुतं, डाक्टर पोराच्या वयाचा... मला लाज वाटली."

बाळाबाईनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुला लाज वाटली. तुझं त्यात काय उघडं पडत हुतं गं? आन मला तुझ्याफुडं सांगताना काय वाटलं असंल?"

पूर्णिमा पायरीवर सांडल्याला तंबाखू बोटानं गोळा कराय लागली.

"ऊठ. कानडीत काय म्हणायचं ते मला शिकव."

"मी येते की, मी सांगते..."

"तू ये. पर बोलणार मी."

सकाळी एसटीत बाळाबाई पुटपुटत बसली. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, मंत्र म्हणताय का?" "तुझ्या नानाची टांग," बाळाबाई म्हणाली, आन पुन्ना पहिल्यापास्नं सुरू.

खोलीत त्या दिशी बी माणसं हुतीच. बाळाबाई टेबलाला हात लावून ताठ उभी ऱ्हायली, आन मोडक्या कानडीत एकेक शबुद मोजून म्हणाली, "गर्भकोश होरग बरतैत्री." अंग बाहेर येतंय जी.

डाक्टरानं पहिल्यांदा मान वर केली. हसला न्हाय, दचकला न्हाय. शेजारच्या खोलीत त्या दिशी बेळगावास्नं आल्याल्या डाक्टरीणबाईंना हाक मारली. मग पूर्णिमाकडं वळून कानडीत इचारलं, "ह्या आज्जी पाच म्हयन्यापास्नं माझ्याकडं येत्यात. आधी का सांगितलं न्हाई त्यांनी?"

बाळाबाईला ते कळलं न्हाय. ती आपली तोंडाकडं बघत उभी. पूर्णिमाला म्हणता आलं असतं, म्हाताऱ्या बाया लाजत्यात, सर. त्येला ते पटलं बी असतं. ते वाक्य तिच्या ओठापर्यंत आलतं.

"त्यांनी सांगितलंतं," ती कानडीत म्हणाली. "मी तुमाला सांगितलं न्हाय. चूक माझी हाय." आन तसंच बाळाबाईकडं वळून त्येच मराठीत म्हणाली, खोलीला ऐकू जाईल असं.

डाक्टर तिच्याकडं बघत ऱ्हायला. त्या बघण्यापरीस त्येनं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

डाक्टरीणबाईंनी तपासलं. अंग खाली येऊ नये म्हणून तातपुरती आत रिंग बसवली, ऑपरेशनाला बेळगावची चिठ्ठी दिली. बाळाबाई पडद्याआडनं आली, पदर नीट केला आन म्हणाली, "अंबुबाईला तू सांगायचंस. मी सांगणार न्हाय."

"सांगते मावशी. एकटीला गाठून सांगते."

"एकटीला न्हवं. म्या सोप्यात सगळ्यांम्होरं तुझं नाव घेतलंतं."

एसटीत दोघी शेजारी बसल्या, पर बाळाबाईनं तोंड खिडकीकडं केलं. गावात उतरल्यावर बाळाबाई सरळ घरला गेली. पूर्णिमा अंबुबाईच्या सोप्यात गेली. सूपं मांडीवर, हात चालल्यालं, आठजणी. कुणीतरी म्हणालं, "ये की गं, उभी का?" ती बसली न्हाय. उभ्यानंच सांगाय लागली, आन एकेकीचं हात थांबत गेलं.