मिटलेली मूठ

दत्तात्रय आगटे खिदिरपूरच्या एका शाळेत गणित शिकवतात. घराणं आजोबांपासून कोलकात्यातलं, त्यामुळे वर्गात बंगाली, मराठी फक्त घरात. दोन वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या बजबज गावाहून परतताना त्यांची ऑटो उलटली आणि उजवा हात कोपराखाली कापावा लागला. चार महिन्यांत ते डाव्या हाताने फळ्यावर लिहू लागले. ओळी खाली घसरत जायच्या. मुलं हसली की तेही हसायचे. माणूस सावरला, असं सगळ्यांना वाटलं.

पण नसलेल्या हाताची मूठ घट्ट वळलेली होती आणि नखं तळव्यात रुतत होती. कधी दहा मिनिटं, कधी दुपारभर. हातच नाही तर दुखतं काय? लोक वेड्यात काढतील, या धास्तीने त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बायकोला, स्मिताला, फक्त म्हणायचे की टाक्यांची जागा ठणकते.

एका रविवारी स्मिता चहा घेऊन खोलीत आली, तर दत्तात्रय पलंगावर बसून उजव्या बाहीपुढच्या मोकळ्या हवेत डाव्या हाताने काहीतरी उलगडत होते. कपाळावर घाम होता.

"काय सोडवताय?" तिने विचारलं.

त्यांनी डावा हात खाली घेतला. मग म्हणाले, "मूठ. दोन वर्षं उघडत नाहीये."

स्मिताला हसू आलं नाही, राग आला. इतके दिवस एकट्याने सोसल्याचा. तिनेच चौकशी करून डॉक्टर गाठली. डॉ. गौरी सान्याल यांनी पहिलाच प्रश्न विचारला, कुठलं बोट जास्त दुखतं? अंगठा, असं सांगून दत्तात्रयांनी डाव्या हाताने मोकळ्या हवेत त्याची जागा दाखवली.

हात गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही, दुखणं खोटं नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. त्या जागेवर कवटीबाहेरूनच चुंबकाचे ठोके द्यायचे. सुई नाही, भूल नाही. सगळ्यांनाच गुण येत नाही आणि आला तरी तो ओसरतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवसांचं ठरलं. कानात बोळे घालून खुर्चीत बसायचं, उजव्या हाताची मेंदूतली जागा डावीकडे असते म्हणून डोक्याच्या डाव्या बाजूला चुंबकाची कॉइल टेकवलेली, आणि कुणी टिचक्या माराव्यात तशी टकटक. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. चार दिवस फरक नाही. पुरे आता, असं ते म्हणाले, पण दहा पूर्ण करू यावर स्मिता अडून बसली.

सहाव्या दिवशी एका ठोक्याबरोबर त्यांचा नसलेला अंगठा हलला. त्यांनी डावा हात वर करून मशीन थांबवायला लावलं आणि हळू आवाजात ते सांगितलं. खोलीत कुणाला नवल वाटलं नाही. डॉक्टरांनी फक्त नोंद घेतली आणि ठोके पुन्हा सुरू झाले. दहाव्या दिवसापर्यंत मूठ अर्धी सैलावली. दहापैकी नऊ असलेलं दुखणं चारवर आलं.

त्या आठवड्यात ते गप्प गप्पच होते. बरं वाटत असताना असे का, हे स्मिताला कळेना. शेवटी एका संध्याकाळी ते बोलले. "दुखत होता तोवर हात आहेसा वाटायचा गं. आता विरत चाललाय." आणि अपघातानंतर पहिल्यांदाच ते हातासाठी रडले. ती शेजारी बसून राहिली.

शाळा सुरू झाली. सहा आठवडे बरे गेले. मग एका सकाळी डबा भरून घेताना त्यांनी आपणहून सांगितलं, "मूठ पुन्हा वळायला लागलीय." स्मिताने डब्याचं झाकण लावलं आणि डॉ. सान्याल यांच्या दवाखान्यात फोन केला. पुढच्या सोमवारची वेळ मिळाली.