न हिंदकळता आणलेलं रक्त

भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका छोट्या लॅबसाठी नागसेन घरोघरी जाऊन रक्त काढतो. वय बावन्न. उजवा गुडघा झिजलेला. दोन गल्ल्या चालला की भिंतीला हात टेकून थांबावं लागतं. पॅडल मारताना मात्र गुडघा तक्रार करत नाही, म्हणून सायकल. कापडाच्या गाठींची हातगाडी गल्लीत आडवी झाली की स्कूटरवाले हॉर्न वाजवत बसतात, नागसेन सायकल कडेकडेने ढकलत पुढे जातो. तान्ह्या मुलाची शीर असो की म्हाताऱ्याची, त्याला दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही असा त्याचा लौकिक होता. गेल्या हिवाळ्यात त्याला तडा गेला.

टेमघरचे दत्तोपंत, निवृत्त शिक्षक, किडनीचे रुग्ण. त्यांचं पथ्य आणि गोळ्या रक्तातल्या पोटॅशियमवर ठरत; ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. नळीतलं रक्त गोठलं की लॅबमध्ये ती यंत्रात फिरवतात आणि वर सुटलेलं पिवळसर पाणी तपासतात. वाटेत रक्त फार हादरलं तर पेशी फुटतात, पाणी गुलाबी होतं आणि पेशींतलं पोटॅशियम त्यात उतरून आकडा खोटाच वाढतो. दत्तोपंतांच्या नळ्या एकामागून एक गुलाबी निघू लागल्या.

"नागसेनभाऊ, परत काढावं लागणार," यंत्रावर बसणाऱ्या ललिताताई म्हणाल्या.

"ताई, रस्ता बघितलात का तो? ट्रेलरांनी चाळण केलीय."

"मी रस्ता कशाला बघू? मी नळी बघते. आणि सुईचं काय? शिरा बारीक असतील तर ओढतानाही फुटतं."

सुईचं बोलणं त्याला लागलं. त्याने नमुन्यांची पेटी कॅरिअरवरून काढून खांद्याला अडकवली. गोठलेलं रक्त कमी हिंदकळतं म्हणून ते गोठेपर्यंत दत्तोपंतांच्या घरीच बसून राहू लागला. रिक्षाही करून पाहिली. ती सायकलपेक्षा जास्त आपटली. टेमघरच्या आणखी दोघातिघांचे नमुने बिघडले, तेव्हा त्याने मनाशी ठरवून टाकलं, दोष रस्त्याचाच.

दत्तोपंतांनाही त्याने तेच सांगितलं. "सर, घाबरू नका. आकडा खोटा आहे."

टोचून टोचून दत्तोपंतांचे दोन्ही हात हिरवे-निळे झाले होते. "वर्गात गणित चुकलं की मी म्हणायचो, पुन्हा करून आण," ते म्हणाले. "आता तुम्ही लोक माझं रक्त पुन्हा करून आणायला लावताय. चुकतंय कोण, ते तरी सांगा."

डॉक्टर दवाखान्यात येऊन रक्त द्यायला सांगत होते. दत्तोपंत दोन जिने उतरायला तयार नव्हते. एकदा दवाखान्यात गेलं की ठेवून घेतात, डायलिसिसच्या मशीनला जोडतात, हे त्यांनी थोरल्या भावाच्या बाबतीत पाहिलं होतं.

"आणखी एकदाच काढू देईन," त्यांनी नागसेनला बजावलं. "ते नीट ने. आकडा काय तो तू येऊन सांगायचास, फोनवर नाही. खरोखर वाढलेला असेल तर जाईन. खोट्या आकड्यावर जाणार नाही."

पुढच्या महिन्याचा नमुना न हिंदकळता न्यायचा, एवढं एकच काम मग नागसेनच्या डोक्यात राहिलं.

जवळच्या वळ गावातल्या गोदामांच्या मागे केसरीनाथचं भंगारचं आवार आहे. परदेशातून कंटेनरमध्ये आलेलं वापरलेलं सामान तिथे पडलेलं असतं. लोखंडी कपाटांच्या आड एक जुनी डोंगरी सायकल उभी होती. जाड टायर, मजबूत पोलादी सांगाडा, आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन्ही पायांत शॉकअप. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा माल असावा.

नागसेनने हँडलवर भार देऊन पाहिला. चिमटा ढिम्म हलला नाही.

"त्याचा शॉक मेलेला हाय," केसरीनाथ म्हणाला. "आताच सांगतो, मागून भांडाया येव नको. आन तुला रं कशाला डोंगराची सायकल? भिवंडीत डोंगर न्हाय."

"खड्डे आहेत ना."

"ते हायेत," केसरीनाथने कबूल केलं आणि भाव थोडा उतरवला.

नागसेनने ती वाल्मीककडे नेली. वाल्मीक त्याचा शाळेपासूनचा मित्र. लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा फिटर, आता बंद पडलेल्या कारखान्याच्या पडवीत कुलपं आणि पंखे दुरुस्त करत बसतो. दोघांनी सायकल पार खोलली. गंजलेले छर्रे बदलले, चाकांचे आउट काढून ती सरळ केली, ब्रेकच्या कडक झालेल्या तारा फेकल्या. चिमट्याचे पाय उघडले तर आत स्प्रिंग नव्हती. रबराचे ठोकळे एकावर एक रचलेले होते आणि वर्षानुवर्षं पडून त्यांची काकवी झाली होती. वाल्मीकने ती स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढली.

"असलं रबर आता कुठे मिळणार?" नागसेनने विचारलं.

वाल्मीक आत गेला आणि लूमच्या भंगारातून काळे ठोकळे घेऊन आला. धोटा एका टोकाला येऊन आदळतो तिथला ठोका झेलणारं रबर. "दिवसभर मार खाऊन याला काही होत नाही. तुझे खड्डे काय चीज आहेत?"

ठोकळे कापून, घासून, नळीच्या मापाचे केले. बसवताना वाल्मीकने सवयीप्रमाणे लूमचं तेल सढळ हाताने ओतलं. लूमवर वाढलेल्या माणसाचा हात तेलाच्या डब्याकडे आपसूक जातो. सुकं ठेवणं म्हणजे त्याच्या लेखी पाप. चिमटा सुरेख दबला, सुरेख वर आला. नागसेनने टेमघरपर्यंत चक्कर मारली आणि येताना दोघांनी चहा घेतला.

आठवड्याभरात चिमटा पुन्हा ताठ झाला. उघडला तर रबर तेल पिऊन फुगलेलं, नळीत गच्च बसलेलं.

"माझंच चुकलं," वाल्मीक म्हणाला. "लूमवर हे रबर उघड्यावर असतं, त्याला तेल लागत नाही. मी वर्षानुवर्षं बघतोय आणि तरी ओतलं."

"मीही इथेच उभा होतो की."

दुसरे ठोकळे कापले. या वेळी नागसेनने ललिताताईंकडून काचसामानाला लावायचं सिलिकॉन ग्रीस आणलं; त्याने रबर फुगत नाही. ते बोटाने, पापडाला तेल लावावं तितकंच, लावलं. चिमटा मऊ झाला आणि तसाच राहिला. पुढे हँडलला टोपली बसवून तिच्यात पेटी रबरी पट्ट्यांवर लटकवली. जाड टायरमधली हवा थोडी कमी केली. नागसेनने पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला पेटीत ठेवून तो रस्ता पार केला. पेटीचा तळ ओला झाला, पण पेला बराचसा भरलेला होता.

ठरल्या दिवशी तो सकाळीच दत्तोपंतांकडे पोचला. डाव्या हाताला शीर मिळेना. उजव्या मनगटाजवळ एक सापडली. त्याने दट्ट्या अगदी सावकाश ओढला. दत्तोपंत छताकडे बघत राहिले. त्यांच्या पत्नी सरलाकाकू दाराशी उभ्या होत्या. रक्त गोठेपर्यंत नागसेन तिथेच बसून राहिला.

लॅबमध्ये ललिताताईंनी नळी फिरवून बाहेर काढली आणि उजेडात धरली. वरचं पाणी स्वच्छ पिवळं होतं.

"वा, भाऊ," त्या म्हणाल्या. "जिंकलात."

मग आकडा आला. त्यांनी तपासणी पुन्हा केली. तोच आकडा आला, आजवरच्या गुलाबी नळ्यांपेक्षाही वरचा. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब दवाखान्यात आणा, एक तासही थांबू नका.

नागसेन परत टेमघरला गेला. इमारतीखाली त्याने आधी रिक्षा थांबवून ठेवली आणि मग जिना चढला.

दत्तोपंत खुर्चीत बसले होते. "दोष रस्त्याचाच होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर. नमुना स्वच्छ होता. आकडा खरा आहे."

सरलाकाकूंनी दाराची चौकट धरली. "तुम्ही म्हणाला होतात खोटा आहे म्हणून," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांना तोंडाला चव नव्हती. मी टोमॅटोचं सार द्यायला लागले होते. आजही दिलं."

त्या सारातही पोटॅशियम असतं, हे नागसेनला माहीत होतं.

"सरला, माझ्या चपला दे," दत्तोपंत म्हणाले.

नागसेनने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. सरलाकाकू मागून कागदांची पिशवी घेऊन निघाल्या. एकेक पायरी करत ते पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत आले, तिथे दत्तोपंतांना धाप लागली.

"तिथे रक्त कोण काढणार?"

"तिथल्या नर्स असतात, सर."

"तिला सांग, डाव्या हाताला मिळत नाही. उगाच शोधत बसेल."

"सांगतो, सर. मी येतोय बरोबर."

दत्तोपंतांनी मान हलवली, कठडा पकडला आणि पुढची पायरी उतरले.