माइक चावतो म्हणे

स्वारगेटहून पहाटे साडेपाचची एसटी पकडली तेव्हा मी चांगलीच चिडलेली होते. आदल्या दिवशी भूम तालुक्यातल्या एका गावाहून माने गुरुजींचा फोन आला होता. "मॅडम, आपल्या हॉलचा माइक चावतो म्हणे बायकांना. उद्या पाचला पहिलाच कार्यक्रम आहे." माइक चावत नसतो गुरुजी, माणसं घाबरतात, असं मी त्यांना सुनावलं. आणि तरी निघाले, कारण त्या हॉलचं सगळं सामान मीच फोनवरून निवडून दिलं होतं.

बावीस वर्षं मी हौशी नाटकांचं लाइट आणि साउंड सांभाळते आहे. हल्ली लहान गावांतल्या सभागृहांचे फोन येतात, की कमी पैशांत काय काय बसवता येईल? या हॉलला मी चार एलईडी लाइट, एक मिक्सर-अँप, दोन स्पीकर आणि वायरचे दोन माइक सुचवले होते. स्वस्तातला कॉर्डलेस माइक ऐनवेळी तोंडघशी पाडतो, म्हणून वायरचे. गुरुजी निवृत्त शिक्षक, हॉलचा कारभार त्यांच्याकडे. "अजून काही कमी होईल का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी यादीतली शेवटची ओळ उडवली. ती होती अर्थिंगची तपासणी आणि करंटची गळती पकडून लाइन तोडणारा स्विच. हॉल नवा आहे, तीन पिनांचे बोर्ड आहेत, कशाला उगाच खर्च, असं मीच म्हणाले होते.

बार्शीला गाडी बदलली. भूमकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काढणीला आलेली ज्वारी, मध्येच उघडाबोडका माळ आणि खव्याच्या भट्ट्यांचा धूर. भूमच्या स्टँडवर पन्नास ग्रॅम खवा साखर घालून खाल्ला आणि राग थोडा खाली बसला. तिथून पुढे वडाप (भाड्याची जीप). शेजारी भाजीची पाटी घेतलेली एक बाई बसली होती.

"कुठं निघालाव?"

"हॉलवर. माइक बघायला."

"मंग बघा बया. चावतंय ते! आमच्या सगुणाअक्काला पार फेकलं की."

मी हसले. अफवेला जीपही लागत नाही, ती पायीच पुढे जाते, असं काहीतरी मनात आलं आणि स्वतःवरच खूश झाले.

बारा वाजता हॉलवर पोचले. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा स्टेज आणि बाहेर उद्घाटनासाठी घाईघाईने बसवलेले लाल-पिवळे पेव्हिंग ब्लॉक. भजनी मंडळाच्या बायकांनी स्टेजवर पाण्याचा सडा टाकून कडेने रांगोळी काढली होती. खाली चपलांची रांग. मी बुटांसकट वर चढले.

"मॅडम, पायातलं जरा..." गुरुजी चाचरत म्हणाले.

"विजेच्या कामात पाय उघडे ठेवायचे नसतात गुरुजी. माझ्या वस्तादाची पहिली शिकवण आहे." शिकवण खरी होती, पण मला वाकून नाड्याही सोडायच्या नव्हत्या.

अँप चालू केला. स्पीकरमधून घूंऽऽ असा एकसुरी आवाज. लाइट आणि साउंड एकाच बोर्डावर जोडले की असं होतं. अँपची पिन समोरच्या भिंतीवरच्या बोर्डात नेली. घुमणं अर्ध्यावर आलं, पण पुरतं गेलं नाही. तेवढ्यावर मी समाधान मानलं. मग माइक हातात घट्ट धरला, "हॅलो, हॅलो" केलं. काही नाही, साधी झिणझिणीसुद्धा नाही.

"सगुणाअक्का कोण?"

एक उंच, सडसडीत बाई पुढे आली. साठीच्या पुढची, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. मंडळात अभंगाची सुरुवात तीच करते.

"हे बघा मावशी. कुठं चावतो?"

"म्या खोटं बोलत न्हाय. धरला का कोपरापत्तुर हाणतंय."

"सवय नसली की वाटतं तसं. भीती मनात असते."

मागच्या दोघी फिसकन हसल्या. सगुणाअक्का पदर सावरून स्टेजच्या कडेला जाऊन बसली.

जेवायला गुरुजींकडे. भाकरी, शेंगाचटणी आणि येसराची (भाजलेल्या डाळी-धान्यांच्या मसाला-पिठाची) झणझणीत आमटी. नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं आणि तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेत होते. गुरुजी मात्र नीट जेवत नव्हते.

"अक्काचा आवाज दोन वर्षांपासून बसत चाललाय," ते म्हणाले. "तिसऱ्या रांगेच्या पुढं जात नाही. दुसरीला पुढं बसवा, असं मंडळात चाललंय. हॉलला माइक घ्याच, म्हणून माझ्या मागं लागली होती ती. आज तिनं माइक धरला नाही तर तिची जागा गेलीच समजा."

"मग धरायचा! भीती मोडायला नको?" मी म्हणाले. आता हे लिहिताना माझीच मला लाज वाटते.

अडीचला परत आले तर हॉलमध्ये सगुणाअक्का एकटीच उभी.

"ताई, एक डाव पायातलं काढून धरा."

विनवणी नव्हती ती. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मी मुकाट्याने बूट काढले, मोजेही काढले. सड्याचं सिमेंट अजून ओलं होतं, तळव्यांना गार लागलं. माइक उचलला.

हात माझा राहिलाच नाही. मनगटापासून खांद्यापर्यंत कुणीतरी आतून हिसडा मारल्यासारखं झालं, माइक हातातून उडाला आणि स्पीकरमधून तोफेसारखा आवाज आला. मी मटकन खाली बसले.

"चावला व्हय?" सगुणाअक्काने विचारलं. ती हसत नव्हती.

देवळात चढावं तशी इथली माणसं स्टेजवर अनवाणी चढतात. मी रबरी तळाचे बूट घालून तपासत होते आणि तिला खोटं पाडत होते. धावत जाऊन मेन स्विच पाडला. आज हिसडा देऊन सोडलं होतं. ओल्या सिमेंटवर उद्या हातच चिकटून बसला असता तर?

गुरुजींनी भूमच्या रफिक वायरमनला फोन लावला. तो गळतीचा स्विच घेऊन येईपर्यंत साडेतीन झाले. आल्याबरोबर त्याने मेन चालू करून साधा बल्ब दोन वायरींवर धरला. बोर्डाच्या दोन भोकांत लावला, पेटला. एक वायर तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकात घातली, तर बल्ब काळाच्या काळा.

"मॅडम, हिरवी वायर हाय, पर ती जातीया कुठं?"

मेन पुन्हा पाडून आम्ही वायरीमागे भिंतीबाहेर गेलो. ती थेट पेव्हिंग ब्लॉकखाली शिरत होती. कुदळीने आठ-दहा ब्लॉक उपटले. वीतभर खाली तारेचं तुटलेलं टोक सापडलं. अर्थिंगचा खड्डा चार हात पुढे, ठणठणीत कोरडा. ब्लॉक बसवताना तार तुटली होती आणि कुणालाच पत्ता नव्हता. तपासणी झाली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं.

आता करंट मुळात येत कुठून होता? शिडी लावून लाइट एकेक उतरवले. तिसऱ्याची वायर लोखंडी पकडीखाली चेंगरून सोलली गेली होती. करंट लाइटच्या अंगात, तिथून हिरव्या तारेने अँपच्या अंगात, तिथून माइकच्या जाळीत. सगळ्या बोर्डांची हिरवी तार एकच, म्हणून मी पिन कुठल्या भिंतीला लावते याला काडीचा अर्थ नव्हता. आणि जमिनीत उतरायची वाट तुटलेली, म्हणून तो सगुणाअक्काच्या हातातून उतरत होता.

साडेचार झाले. लोक यायला लागले. रफिकने तार जोडली, स्विच बसवला. खड्ड्यात मीठ टाकलं, पण वर पाणीही हवं होतं, आणि टाकीचा नळ कोरडा. बायकांनी चहासाठी आणलेल्या चारही घागरी खड्ड्यात ओतल्या. जमीन घटाघट पीत होती. मग रफिकने मुद्दाम तो सोललेला लाइट जोडला. खाट! स्विच पडला, लाइन बंद. तो लाइट बाजूला काढून उरलेल्या तीन लाइटवर भागवायचं ठरलं.

पाचला दहा कमी. हॉल भरलेला. मी माइक सगुणाअक्कापुढे धरला.

"पयले तुमी धरा," ती म्हणाली. "पाय ओले करून."

कुणीतरी तांब्याभर पाणी माझ्या पायांवर ओतलं. खरं सांगते, मला भीती वाटली. तार जोडलेली, स्विच बसवलेला, सगळं स्वतः पाहिलेलं, आणि तरी हात पुढे जाईना. दुपारी याच भीतीला मी मनातली म्हणाले होते. डोळे मिटले आणि धरला. काही झालं नाही. घुमणंही बंद झालं होतं. हॉलमधली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

अशा वेळी "हॅलो, चेक" म्हणायची सवय. मी म्हणाले, "सगुणाअक्का खरं बोलत होत्या. खोटी मी होते. यादीत चूक माझी होती."

मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. अक्काने माइक घेतला, आधी एका बोटाने शिवून पाहिला, मग मुठीत धरला. पहिला सूर थरथरला, दुसरा लागला, आणि तिसऱ्याला दारातली माणसं आत सरकली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

मुक्काम गुरुजींकडे झाला. सकाळी निघताना अक्का वडापपर्यंत सोडायला आली. हातावर कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा ठेवला.

"राग गेला ना मावशी?"

"करंटचं काय न्हाय ताई, ते घडीभराचं. पर चार बायांत तुमी मला भित्री म्हणलाव, ते लई लागलं." मग माझ्या हातावरून हात फिरवून म्हणाली, "जावा आता. गाडी चुकंल."

बार्शीहून पुण्याची गाडी मिळाली. खिडकीशी बसून विचार करत होते. बावीस वर्षांत मी हजार माइक तपासले, पण धरणारी माणसं कशी उभी राहतात हे कधी पाहिलं नाही. कुणी काही सांगितलं तर माझं अर्धं उत्तर आधीच तयार असतं. हे सगळं मोठ्या शहाणपणाने मनात घोळवत असताना एकदम आठवलं, की तीच यादी, शेवटची ओळ उडवलेली, मी आणखी तीन गावांना पाठवली होती.

कुर्डुवाडी मागे पडली तोवर दोन फोन झाले. दोन्हीकडे अर्थिंग तपासलेलं होतं. तिसरा फोन सोलापूरच्या पुढे, जळकोटच्या पलीकडच्या एका गावात लावला. उचलणारा गृहस्थ मोठ्या खुशीत होता.

"मस्त चाललंय मॅडम. माइक जरा चावतो, पर त्येचं काय न्हाय. आमी फडकं गुंडाळून धरतो."

"मेन स्विच बंद करा," मी उभी राहून ओरडले. सगळी गाडी वळून बघायला लागली. "आत्ता. फोन चालू ठेवून जा, आणि बंद केला म्हणून मला सांगा."

त्याच्या पावलांचे आवाज ऐकत मी पिशवी खांद्याला अडकवली आणि कंडक्टरला म्हणाले, टेंभुर्णीला उतरायचं आहे, सोलापूरची गाडी धरायची आहे.